प्रथिनांचा डबा कोणासाठी?

राजापूरच्या बाजारात प्रथिनांचा डबा पूर्वीही मिळत असे, पण औषधांच्या दुकानात, बाळंतिणीसाठी किंवा दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी. आता तो जिमच्या काचेच्या कपाटात आला आहे. काळ्या रंगाचा, मोठ्या तोंडाचा, वर सोनेरी अक्षरे आणि दंड फुगवलेल्या पुरुषाचे चित्र. मुंबईत नोकरी करणारी मुले गणपतीला गावी येताना बॅगेतून तो घेऊनच येतात. पावसाळ्यात अर्जुनेचे पाणी जवाहर चौकात शिरले की दुकानदार आधी वरच्या फळीवर चढवतात त्या महागड्या मालात आता याचीही गणना होते.

मी आहारतज्ज्ञ नाही. माझे शिक्षण नगर वाचनालयात, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत आणि अलीकडे संगणकावर झाले. एक प्रश्न घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत वाचत राहायचे, एवढीच माझी पद्धत. हा प्रश्न घरातूनच आला. माझ्या चोवीस वर्षांच्या पुतण्याने दरमहा अडीच हजारांचा डबा सुरू केला आणि त्याच सुमारास माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे तेव्हा घरात कोणालाच वाटले नव्हते.

आधी डब्यात काय असते ते पाहू. ‘व्हे’ हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, पण वस्तू आपल्या परिचयाची आहे. दूध फाडून पनीर केले की खाली जे हिरवट पाणी उरते, श्रीखंडासाठी चक्का टांगला की जे ठिबकते, ते हे पाणी. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते; ते चोथ्यात जाते. उरलेली २० टक्के पाण्यात राहतात. युरोप-अमेरिकेत चीजचे मोठे कारखाने निघाले तेव्हा या पाण्याचे करायचे काय, ही डोकेदुखी होती. ते डुकरांना पाजत, शेतात सोडत, नदीत ओतत. प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि १९७०च्या दशकात सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळण्याचे तंत्र हाती आले, तेव्हा या सांडपाण्याचे सोने झाले. पाण्यात प्रथिने शेकडा एकाहूनही कमी असतात. म्हणजे एका स्कूपमधली २४ ग्रॅम प्रथिने मिळवायला तीन-चार लिटर पाणी गाळून आटवावे लागते. वस्तू खोटी नाही. लवकर पचते, आवश्यक अमिनो आम्ले भरपूर देते. पण तिच्यात जादूही नाही.

जादूची समजूत मात्र फार जुनी आहे. ‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ साली बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने सुचवला. ‘पहिल्या स्थानाचे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे, आणि आपला ‘प्रथिन’ शब्दही ‘प्रथम’शी नाते सांगतो. नावातच मोठेपणा आला. जर्मनीचे लीबिग तर असे मानत की स्नायू काम करताना प्रथिनेच जळतात. म्हणजे ज्याला अंगमेहनत जास्त त्याला मांस जास्त हवे. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस या दोन प्राध्यापकांनी याची परीक्षा पाहिली. त्यांनी प्रथिने वर्ज्य करून पीठ, चरबी आणि साखर एवढेच खाल्ले आणि स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर १,९५६ मीटर चढून गेले. वाटेतली लघवी जपून ठेवली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. शरीरात जळलेली प्रथिने त्या चढाईला अगदी अपुरी होती. काम पिठाने आणि चरबीने केले होते. प्रथिने घर बांधायला लागतात, चूल पेटवायला नव्हे. दीडशे वर्षे झाली तरी जिममधल्या गप्पांत लीबिगच जिंकतो आहे.

या विषयाच्या इतिहासात सगळ्यात जास्त काळ मी रेंगाळलो तो एका मराठी माणसापाशी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. लंडनला शिकून आले, दिल्लीला शेतीच्या संख्याशास्त्राचा पाया घातला आणि १९५०च्या दशकात रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. तो काळ प्रथिनांच्या घबराटीचा होता. आफ्रिकेत सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३०च्या दशकात ‘क्वाशिऑरकोर’ हा मुलांचा आजार जगापुढे मांडला होता. पाय सुजतात, केस तांबूस होतात, मूल मलूल पडते. त्याचे कारण प्रथिनांची कमतरता असे ठरले आणि मग गरीब देशांतल्या सगळ्याच कुपोषणाला तोच चष्मा लावला गेला. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’वर अहवाल काढला. माशांचे पीठ, सोयाचे पीठ, तेलाच्या खाणींतल्या द्रव्यांवर वाढवलेले सूक्ष्मजीव असे काहीही करून गरिबांच्या पोटात प्रथिने घालायची धडपड चालली होती. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेनेही तेल काढलेल्या शेंगदाण्याचे आणि हरभऱ्याचे पीठ मिसळून एक बहुउपयोगी पीठ तयार केले होते. आजच्या डब्याचे हे सरकारी आजोबाच म्हणायचे.

सुखात्म्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे घेतले आणि एक साधी गोष्ट दाखवली. ज्यांना प्रथिने कमी पडत होती त्यांतल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नव्हते. त्यांनी आपले नेहमीचे भाकरी-डाळ, भात-आमटी असेच जेवण पोटभर केले असते, तरी प्रथिनांची गरज आपोआप भागली असती. आणि पोटच भरत नसेल, तर वरून दिलेले प्रथिनांचे पीठ शरीर जळण म्हणून वापरते. चुलीत लाकूड नसले की माणूस घराचे वासे काढून जाळतो, तसे. १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये मॅक्लारेन यांनी ‘प्रथिनांची महाफजिती’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि घबराटीचा फुगा फुटला. सुखात्मे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हे सांगत होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि तिथून वाद घालत राहिले. दांडेकरांशी गरिबीच्या मोजमापावर घातला, हैदराबादच्या पोषण संस्थेच्या गोपालनांशीही घातला. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, या त्यांच्या पुढच्या सिद्धांतावर कडक टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. भुकेल्या माणसाला ‘तुला सवय आहे’ असे सांगण्याची सोय त्यातून झाली. पण जळणाचा मुद्दा आजही पक्का आहे.

माझ्या पुतण्यासारख्या मुलांना तो नेमका लागू पडतो. डबा सुरू केला त्याच आठवड्यात त्याने रात्रीचा भात सोडला. ‘कार्ब्स’ नकोत म्हणे. तास-दीड तास वजने उचलायची, भात खायचा नाही आणि वर पेलाभर व्हे प्यायचे. म्हणजे अडीच हजारांचे सागवान चुलीत.

तराजू स्वयंपाकघरातच होता. त्याच्या ताटाचा हिशेब मी मांडला. वजन ६० किलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे त्याला ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्याला जास्त लागतात हे खरे. किती जास्त, यावर २०१८ साली ४९ चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत १,८६३ माणसे होती. किलोमागे साधारण १.६ ग्रॅमनंतर आणखी प्रथिनांचा स्नायूंना उपयोग दिसला नाही. म्हणजे याची कमाल मर्यादा ९६ ग्रॅम. आणि त्या चाचण्यांत पूरक प्रथिने घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा मिळालेली जादा चरबीविरहित वाढ सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. बाकीची सगळी वाढ व्यायामाची.

आता ताट. दिवसाचे साडेतीनशे ग्रॅम तांदूळ, त्यातून २७ ग्रॅम. आमटीच्या डाळीतून साडेसहा, कुळथाच्या पिठीतून साडेआठ. साखरीनाट्याहून आलेल्या बांगड्याचा शंभर ग्रॅम मासा पोटात गेला तर २०. दोन अंडी १३. इथपर्यंत ७५ झाले. त्यात मूठ-दीड मूठ फुटाणे (५० ग्रॅम) आणि पाव लिटर दूध घातले की सुमारे ९५. डबा न उघडता माणूस कमाल मर्यादेला टेकतो. मासळी बंद असलेल्या जून-जुलैत हिशेब थोडा बदलतो, पण आगोटीला भरून ठेवलेले सोडे आणि जवळा कशासाठी असतात? वाळलेल्या जवळ्यात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमहून जास्त प्रथिने असतात. पाणी काढून टाकले की जे उरते ते. जवळा हाच कोकणचा जुना प्रथिनांचा डबा. (खारवलेल्या बांगड्याची गोष्ट वेगळी, त्यात मीठ फार.)

भावाचेही पाहू. यंदाच्या आमच्या बाजारभावाने डब्यातली २४ ग्रॅम प्रथिने ७५-८० रुपयांना पडतात. अंड्यांतून तेवढीच पंचवीस-सव्वीस रुपयांना, फुटाण्यांतून सतरा-अठराला आणि कुळथातून चौदा-पंधराला. मात्र इथे डब्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. २४ ग्रॅमसाठी ११० ग्रॅम कुळीथ लागतो. तेवढा एका बैठकीला खाल्ला तर खाणाऱ्याचे आणि शेजारी बसणाऱ्याचे दोघांचेही हाल. शिवाय अंडी, मासे, दूध यांतली प्रथिने ९५ टक्क्यांपर्यंत पचतात, कडधान्यांतली साधारण ७५ ते ८५. थोड्या जागेत, चावल्याविना, पचायला सोपी प्रथिने देणे हा डब्याचा खरा गुण आहे. तो गुण कोणाच्या कामाचा, याकडे मी नंतर येतो.

त्याआधी डब्याच्या लेबलाविषयी. अन्नातली प्रथिने बहुधा थेट मोजत नाहीत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्येल्डाल यांनी १८८३ साली नायट्रोजन मोजायची रीत काढली. आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिने. रीत उत्तम, पण तिला फसवता येते. नायट्रोजन असलेला कुठलाही स्वस्त पदार्थ घातला की कागदावर प्रथिने वाढतात. २००८ साली चीनमध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळले गेले. ते शंभर ग्रॅम घातले तर चाचणीत चारशे ग्रॅमहून जास्त प्रथिने दिसतात. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. व्यायामाच्या भुकट्यांत एवढे विषारी नसले, तरी ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले घालून आकडा फुगवता येतो. २०२४ साली केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्या तपासून घेतल्या. सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने होती. काहींत बुरशीचे विष आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळा, असे स्वच्छ सांगितले. कुळथात कोणी काही मिसळले तर फार तर खडा मिसळेल, आणि तो दाताला कळतो.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर लेख ‘डबा वाईट, आपले जुने ते सोने’ या ओळखीच्या बंदरात लागला असता. पण त्याच तराजूवर मी आईचे ताटही मोजले.

वडील गेल्यापासून तिने मासे आणि अंडी सोडली आहेत. कोणी सांगितले नव्हते, तिचे तिने ठरवले. दिवसाचे १३० ग्रॅम तांदूळ आणि एक भाकरी, मिळून १३ ग्रॅम प्रथिने. पातळ पिठीतला कुळीथ वीस ग्रॅम, त्याचे साडेचार. आमटीतून तीन, चहाच्या दुधातून तीन. एकूण तेवीस-चोवीस. वजन ४६ किलो. पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी युरोपातल्या तज्ज्ञगटाने २०१३ साली किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली आहे, कारण म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याच अन्नातून कमी लाभ होतो. म्हणजे तिला निदान ४६ ग्रॅम हवीत. मिळत होती निम्मी. आणि एकादशी, संकष्टी, सोमवार हे दिवस वेगळेच. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ शून्य असतात. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची, आणि कूट पचत नाही म्हणून ती कमी घालते.

इथे सुखात्म्यांचे गणितही अपुरे पडते. ‘पोटभर नेहमीचे जेवा, प्रथिने येतील’ हे मेहनत करणाऱ्या, भरपूर भूक असलेल्या माणसाला खरे. आईची भूकच मुठीएवढी. दुसरे असे की तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आहे. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लायसिनची गरज किलोमागे रोज १२ मिलिग्रॅम धरली होती. नंतर बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय माणसांवर नव्या पद्धतीने मोजमापे केली. अशा कामांच्या आधारे २००७ साली हा आकडा ३०वर गेला. फरक ताटात मांडून पाहा. जुन्या आकड्याने आईला लागणारे लायसिन १९० ग्रॅम तांदळातून मिळते. नव्याने तेवढ्यासाठी पावणेपाचशे ग्रॅम तांदूळ शिजवावे लागतील. कडधान्यांत आणि दुधात लायसिन भरपूर असते, म्हणून पिठी-भात ही जोडी शहाणपणाची आहे. पण पिठी पाण्यासारखी पातळ झाली की जोडीतला एक जोडीदार नावापुरताच उरतो.

पिठी पातळ का होते? कुळीथ पूर्वी भात कापल्यावर त्याच मळ्यात, जमिनीतल्या ओलीवर होत असे. आता माकडे आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत, मळे पडीक आहेत, राखणीला माणूस नाही. विकत आणलेला कुळीथ बाईमाणूस जपून वापरते. आणि वाढण्याचा क्रम आपल्याला ठाऊकच आहे. घट्ट पिठी वरची, ती मुलांना आणि पुरुषांना. मग त्यात गरम पाणी घालून ती ‘पुरवायची’. आई आजही शेवटी जेवते.

म्हणजे आमच्या घरात ज्याला गरज नव्हती त्याच्याकडे डबा होता आणि जिला होती तिच्या ताटात पाणी. थोड्या जागेत, चावल्याविना, पचायला सोपी प्रथिने हा गुण कवळी लावणाऱ्या, चार घासांत पोट भरणाऱ्या म्हातारीसाठीच जणू बेतलेला आहे.

मात्र नुसती प्रथिने देऊन भागत नाही. १९९४ साली बोस्टनच्या एका वृद्धालयात १०० जणांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. नुसते पेय पिणारे जवळपास होते तिथेच राहिले. ताण पडल्याशिवाय शरीर भिंत बांधायला घेतच नाही, विटा कितीही आणून टाका.

आईची रक्त-तपासणी करून घेतली, कारण मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर प्रथिने वाढवणे घातक ठरते. ती ठीक निघाली. पुतण्याने स्वतःचा स्कूप दुधात घालून दिला, तर तिने वास घेऊन पेला परत केला. व्हॅनिला तिला साबणासारखा लागतो. मग दुसरी वाट धरली. पिठी तिच्यासाठी वेगळ्या टोपात, चाळीस ग्रॅमची, घट्ट. दुपारच्या ताकात तीस ग्रॅम डाळ्यांचे पीठ, मीठ-जिरे घालून. रात्री पेलाभर दूध. दाण्याचा कूट भाजून बारीक केला तर पचतो. बेरीज पंचेचाळीसच्या आसपास जाते. उपासाच्या दिवशी डाळ्यांचे पीठ चालत नाही, तेव्हा ताक, दूध आणि कूट वाढवतो. हे सगळे मिळून रोज पस्तीस-चाळीस रुपयांत बसते.

पुतण्याचा डबा संपल्यावर त्याने दुसरा आणलेला नाही. निदान अजून तरी. रात्रीचा भात मात्र सुरू झाला आहे. सकाळी जिमला जाण्यापूर्वी तो ओटीवर खुर्ची ठेवतो आणि आजीला हात न टेकता उठायला लावतो. आषाढात ती दोनदा उठू शकत होती, तिसऱ्यांदा कठडा धरायची. घटस्थापनेच्या दिवशी सातवर आली, आणि आठव्याला ‘पुरे रे मेल्या’ म्हणून बसली.